गुरांच्या बाजारात तिसरा रविवार

१४ नोव्हेंबर २०२१, रविवार

‘ती ऑर्मझ्बींची जागा आहे.’

एवढंच म्हणाली! तेही हसून, हळू आवाजात. ऑलिव्ह ऑर्मझ्बी — आमच्या चर्चची वॉर्डन, सगळा कारभार पाहणारी, ऐंशीच्या घरातली, मोत्यांची माळ, हातमोजे. आणि ती केरळी नर्स, मांडीवर झोपलेलं बाळ, निमूट उठली. मागच्या बाकावर गेली. मग त्याच्याही मागच्या. दुसऱ्या गीताला वळून पाहिलं तर नव्हतीच.

आम्ही इथे नवीन आलो तेव्हा मलाही हेच वाक्य ऐकवलं होतं. त्याच बाकावर. आणि मी ‘सॉरी’ म्हणाले होते. सॉरी! कशाबद्दल?

उपासना संपेपर्यंत डोकं तापलेलं. संपल्यावर थेट हेदरला गाठलं. हेदर म्हणजे आमची पाळक — बिचारी एकटी तीन चर्चेस सांभाळते, जेवण गाडीतच. तिला म्हटलं, ‘बाहेर पाटी आहे ना, सर्वांचं स्वागत असो — ती काढून टाका.’ नवरा, राजीव, मागून माझा कोट ओढत होता.

हेदरने गाडीची किल्ली खिशात टाकली. मग म्हणाली, ‘आगमनकाळात दारात तूच उभी राहा, शुभदा. येईल त्याचं स्वागत तुझ्याकडे.’

घ्या! म्हणजे नाताळाआधीचे चारही रविवार!

१६ नोव्हेंबर, मंगळवार

हो म्हणून टाकलं. राजीवला वाटतंय मी जिद्दीला पेटलेय. तेही आहेच. पण खरं कारण इथेच लिहिते — दारात उभं राहिलं की आत बसावं लागत नाही.

एप्रिलमध्ये आई गेली. नगरला, कोविड वॉर्डात. मी इथे आयर्लंडमध्ये, कासलबारला, किचनमध्ये, मोबाइलवर तिची माती पाहिली. पाळकसाहेबांचा आवाज मध्येच तुटला आणि चित्र गोठून बसलं. तेव्हापासून तोंडून प्रार्थना फुटत नाही. गाणं तर नाहीच. आमच्या घरात आईनंतर गळा माझा, असं सगळे म्हणायचे. आता नुसते ओठ हलवते. मास्क आहे म्हणून कुणाला कळत नाही.

२१ नोव्हेंबर, रविवार

उपासनेच्या शेवटी हेदरने कागद न बघता सांगितलं. जानेवारीपासून आमच्या चर्चमध्ये महिन्यातून एकदाच उपासना ठेवावी, असा विचार चाललाय. माणसंच नाहीत! मूठभर आम्ही, त्यात बहुतेकांचे केस पांढरे. बिशप आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी स्वतः येणार, बघणार, मग ठरवणार.

‘महिन्यातून एकदा म्हणजे काय ते मला माहीत आहे,’ ऑलिव्ह म्हणाली. ‘पलीकडच्या गावाचंही असंच झालं होतं. आज तिथे कुलूप आहे.’ तिचे आईवडील आमच्याच आवारात पुरलेत. आज पहिल्यांदा ती मला म्हातारी दिसली.

गाडीत राजीव म्हणाला, ‘गावात दुसरं चर्च आहे की. ग्रँड आहे.’ नको म्हटलं. हेच पाहिजे. का, ते मला सांगता येईना. त्या नर्सच्या जागेसाठी भांडून झालंय, आता चर्च तरी शिल्लक नको का!

२८ नोव्हेंबर, आगमनकाळाचा पहिला रविवार

घंटा व्हायच्या आधीपासून दारात. आत दोन-दोन स्वेटर, हातात सॅनिटायझरची बाटली. वारा असा की डोळ्यांतून पाणी.

पाहुणे — एक जर्मन सायकलवाला. टॉयलेट कुठाय विचारत आला. मी एवढ्या जोरात ‘वेलकम!’ म्हटलं की तो दचकलाच. पण एका गीतापुरता बसला. जाताना हात हलवून गेला.

लेकीला, कौमुदीला माझी लाज वाटते. ‘मॅमी, स्टॉप वेव्हिंग अ‍ॅट कार्स!’ दहा वर्षांची झाली नाही तोवर.

ऑलिव्ह दारापाशी येऊन थांबली. ‘लोकांना असं रस्त्यावरून बोलवायचं नसतं. यायचा तो येतो.’

‘आणि आला की त्याला उठवायचा?’

निघून गेलं तोंडातून! तिने हातमोजे नीट केले आणि आत गेली. संध्याकाळपर्यंत ते हातमोजेच डोळ्यांसमोर.

२ डिसेंबर, गुरुवार

सापडली! राजीव हॉस्पिटलच्या लॅबमध्येच, त्याने दोन फोन केले. नाव जिन्सी. ड्युटी संपल्यावर कार पार्कमध्ये भेटली. थकून गेलेली, तरी बाळाचे फोटो दाखवले.

म्हटलं, ‘परत ये. आता दारात मी आहे.’

‘आणि आत?’ ती म्हणाली. ‘आत कोण आहे, चेची?’ चेची म्हणजे त्यांच्यात ताई.

‘आतही येईन तुझ्याबरोबर. तुला हवं तिथे बसू.’ — हे मी म्हणाले! मी! जी आत बसायचं टाळतेय!

ती हसली. ‘एकटी नाही येणार. येईन तर सगळ्यांना घेऊन.’

‘सगळे म्हणजे कोण?’

‘बघा तुम्ही.’

५ डिसेंबर, दुसरा रविवार

जिन्सीची ड्युटी. पण आज जे झालं ते आधी लिहिते, नाहीतर रात्री झोप यायची नाही.

आमच्या प्लँटमधले रविंद्र आणि इरावती आले. आम्ही सगळे स्टेंट तपासणारे, डब्यापुरती ओळख. मी सहज म्हटलं होतं, या एकदा. चर्चमध्ये कधीच गेलेले नाहीत. इरावती दारात थबकली — ‘शुभदा, बूट काढायचे का गं?’

‘नको बाई, पाय गोठतील!’

आत गेले आणि बसले कुठे? ऑर्मझ्बींच्या बाकावर! मी दारात. मध्ये सगळं चर्च. आणि बाजूच्या दाराने ऑलिव्ह येतेय. बाकाशी येऊन उभी राहिली. माझा पाय उंबऱ्याच्या आत पडलासुद्धा — आणि तेवढ्यात इरावती सरकली, शेजारी हात थोपटून चक्क मराठीत म्हणाली, ‘या ना, बसा!’

आपल्याच बाकावर कुणीतरी तिला बसायला सांगतंय! आख्खं चर्च वळून बघतंय. ऑलिव्हने एकदा इरावतीकडे पाहिलं, एकदा बाकाकडे. आणि बसली.

नंतर इरावती म्हणते, ‘आजी काय गोड आहेत! मला पान सापडत नव्हतं तर दर वेळी बोट ठेवून दाखवत होत्या.’

गोड! ऑलिव्ह!

७ डिसेंबर, मंगळवार

शाळेला सुट्टी, शिफ्ट रद्द. वादळाचं नाव काय तर ‘बारा’. आमचे बारा वाजवूनच जाणार! लाइट गेली. कौमुदी टॉर्च लावून पुस्तक वाचतेय. छपरावर कुणीतरी नाचत असल्यासारखा वारा.

८ डिसेंबर, बुधवार

वाजले बारा. चर्चच्या छपराचा एक कोपरा उघडा पडलाय. कौलं आवारात पसरलीत, थडग्यांवर, गवतात. आत बाकांवर पाणी. छप्पर तपासायला आलेला माणूस म्हणाला, दुरुस्ती होईपर्यंत आत कुणी पाऊल टाकायचं नाही. आणि बिशप रविवारी!

हेदर पायरीवर बसून होती. म्हणाली, ‘आता झूमवरच करावं लागेल. कॅथलिकांचा हॉलही लसीकरणाला दिलाय.’

‘झूम!’ ऑलिव्ह गमबूट घालून, बादली घेऊन उभी. शिवी दिल्यासारखी म्हणाली ती. बादली खाली ठेवली, खिशातून जुना बटणांचा फोन काढला. मला म्हणाली, ‘तू पाहुण्यांना बोलावलंयस ना?’

‘हो.’

‘मग ते येणार. दार मिळालंच पाहिजे.’

आणि तिने पॉरिकला फोन लावला. पॉरिक म्हणजे गुरांचा बाजार चालवणारा. मार्ट म्हणतात इथे — मधे लोखंडी कठड्याचं रिंगण, त्यात गुरं फिरवतात, भोवती पायऱ्यापायऱ्यांवर शेतकरी बसून बोली लावतात. ऑलिव्हचे गोऱ्हे जन्मभर तिथेच विकले गेलेत. फोनवर तिने विनंती नाहीच केली. म्हणाली, ‘पॉरिक, रविवारी सकाळी रिंगण रिकामं आहे. आम्हाला उपासनेला पाहिजे.’ थोडं ऐकलं. ‘हो, प्रोटेस्टंटांची. तूही ये.’ ठेवला!

मी तिला मिठी मारली. कोविड-बिविड विसरूनच. लाकडासारखी ताठ उभी होती. पण दूर नाही केलं.

११ डिसेंबर, शनिवार

दिवसभर मार्ट धुतलं. पाइप लावून पॉरिकने, ब्रश घेऊन आम्ही. शेणाचा वास जायचा तो जाईना. हेदर म्हणाली, राहू दे, पहिल्या नाताळलाही असणारच. दारं सगळी उघडी ठेवणार, मास्क सगळ्यांना — बातम्यांत रोज नवीन व्हेरिएंट.

घरी येऊन करंज्या. आईच्या हातच्या खुसखुशीत व्हायच्या, माझ्या दोन फुटल्या. कौमुदी कडा दाबायला बसली, गालावर पीठ. ‘वी आर प्रेइंग इन द मार्ट? मॅमी, दॅट्स अ‍ॅक्च्युअली क्लास!’ क्लास म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत एकदम भारी.

पहिल्यांदा आईचं काही केलं आणि रडले नाही.

१२ डिसेंबर, तिसरा रविवार

कसं लिहू!

सकाळी मार्टच्या फाटकात मी. ऑलिव्ह आपणहून शेजारी येऊन उभी राहिली. ‘तुला एकटीला जमायचं नाही,’ म्हणाली. अजून कुणीच नव्हतं. बिशप आले, त्यांची गाडी चिखलात, आणि तरी कुणी नाही.

मग वळणावरून एक मिनीबस. मागे गाड्या, मागे आणखी गाड्या! पहिल्या बसमधून जिन्सी उतरली, कडेवर बाळ, जरीची साडी, वर जाड जॅकेट. ‘चेची, सगळे!’ — हॉस्पिटलमधल्या केरळी नर्सा, त्यांचे नवरे, मुलं. फिलिपिनो मुली. बालिनाहून एक नायजेरियन कुटुंब, आजी डोक्याला निळं रेशीम बांधून. रविंद्र-इरावती, आणि त्यांनी गॉलवेहून आणलेला ओजस, एमएसला आलेला, घरचं खाणं मिळेल म्हणून. पॉरिकने आपल्या शेतकऱ्यांना सांगितलेलं — टोप्या काढून हातात धरून ते कॅथलिक बुजरेपणाने आले. नेहमी बोली लावायला बसतात त्याच पायऱ्यांवर बसले.

मी म्हणतेय ‘वेलकम, नमस्कार, सलाम’ — जीभ वळेल ते! आणि शेजारी ऑलिव्ह. जिन्सी समोर आली तशी तिने एक हातमोजा काढला. मास्कवर नुसते डोळे. मग म्हणाली, ‘त्या दिवशी मी तुला उठवलं. ते चूक होतं. आज तू पहिल्या पायरीवर बस, बाळाला तिथून दिसेल.’

जिन्सी म्हणाली, ‘तुम्ही शेजारी बसणार असाल तर.’

पायऱ्या भरल्या. कठड्याभोवती माणसं उभी. पॉरिकने लिलावाचा माइक चालू करून दिला आणि म्हणाला, ‘कुणी नाक खाजवू नका हं, बोली समजली जाईल, गोऱ्हा गळ्यात पडेल!’ काय हसले सगळे — बिशपसुद्धा! हेदर बोली पुकारणाऱ्याच्या उंच खोक्यात चढली. गुलाबी मेणबत्ती पेटवली. तिसऱ्या रविवारची, आनंदाची.

पहिलं गीत आलं. ऑर्गन तर चर्चमध्ये, भिजलेला. हेदरने माझ्याकडे पाहिलं. मुद्दाम नसेलही. पण माइक माझ्या हातात आला आणि समोर काहीच नाही — ना पुस्तक, ना पान. डोक्यात एकच, आई पहाटे चुलीपाशी म्हणायची ते. मराठी! इथे कोणाला कळणार?

म्हटलं. पहिली ओळ फाटली. दुसरी लागली. तिसरीला गळा असा उघडला की मलाच कळेना हा आवाज कुणाचा. पत्र्याचं छप्पर, सगळीकडून घुमून परत येत होता. दुसऱ्या कडव्याला त्या निळ्या रेशीमवाल्या आजीने टाळी धरली. जिन्सीच्या बायकांनी शब्दांशिवाय सूर दिला. मास्कच्या आतून सगळं रिंगण गुणगुणत होतं. मी रडत होते आणि गात होते, दोन्ही एकदम, आणि एकदाही अडले नाही.

कौमुदी कठड्यावर चढून बघत होती. नंतर कानात म्हणाली — मराठीत! — ‘आई, परत म्हण ना.’

बाहेर थंडीत चहा. करंज्या पुरल्या नाहीत. एका शेतकऱ्याने ऑलिव्हला विचारलं, हे आत काय असतं? ती अशी म्हणाली जणू जन्मभर खातेय — ‘खोबरं. अर्थातच.’

१३ डिसेंबर, सोमवार

घसा पार बसलाय. मीटिंगमध्ये शब्द फुटेना. राजीव म्हणतो, चेहरा मात्र फुटाण्यासारखा फुललाय!

१९ डिसेंबर, चौथा रविवार

आजही मार्टमध्येच. आजही भरलेलं. हेदरने बिशपांचा निरोप सांगितला — महिन्यातून एकदा वगैरे काही नाही. दर रविवारी उपासना होणार. छपराचं काम जानेवारीत सुरू. शेतकऱ्यांनी टोप्या उडवल्या! कॅथलिकांनी!

ऑलिव्ह डोळे पुसत होती. मी बघितलं तर म्हणाली, ‘धूळ फार आहे इथे.’ ओल्या काँक्रीटवर!

घरी येऊन एकटीने बसून प्रार्थना केली. लांबलचक नाही. पण शब्द आपले आपण आले.

२४ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी हेदरचा फोन. आवाज घोगरा. कोविड! घराबाहेर पडता येत नाही, आणि दुसरा पाळक कुठून मिळणार, आजच्या दिवशी! बिशपांशी बोलणं झालंय. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस, पाळकाशिवाय नाही, पण उपासना आणि संदेश — त्याला त्यांची परवानगी आहे. माझं नाव ऑलिव्हने सुचवलं.

उद्या नाताळ. संदेश द्यायला खोक्यात मी चढायचंय.

हो म्हणाले!