एकतीसशे वीस मीटर

१२ मार्च, रविवार

प्रिय ताई,

आईचा गुडघा आता बरा आहे. जिना भराभर चढते, आपण पाहतोय असं दिसलं की लगेच लंगडते. तुझ्या खोलीतला पंखा दुरुस्त केला. पाणी तपासायचं नवं काम तुला आवडतंय, असं तिच्याकडून कळलं. बरं वाटलं.

आमची विहीर चालली. ग्रॅनाइटच्या पोटातून वाफाळतं पाणी वर आलं. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली, पेपरात फोटो आला. आई तुला कात्रण पाठवणार होती. मीच नको म्हटलं.

का, ते लिहायला मला चार महिने लागले.

विहिरीत गरम पाणी कुठल्या खोलीवर शोधायचं, ते ठरवायच्या बैठकीत तू वही घेऊन उभी राहिलीस. "एकतीसशे वीस मीटरवर खडक ड्रिलिंगचा चिखल पितोय. खाली सोडतो तेवढा टाकीत परत येत नाही. तिथली भेग उघडी आहे."

माझ्यापुढे अठ्ठावीसशे मीटरवरचे दगडाचे नमुने होते. मीटरभरात दहा-दहा भेगा! मी हसत म्हणालो, "टाकीचा काटा अडकला असेल. ताईंना काय, लगेच काळजी वाटते." सगळे हसले. तू वही मिटलीस.

साहेबांनी तेच खरं धरलं आणि तुला निष्काळजीपणाची नोटीस दिली. नोकरी सोडलीस तेव्हा आईला म्हणालीस, "पाळ्यांचा कंटाळा आला." मी समोरच जेवत होतो. मान वर केली नाही.

पुढे माझ्या अठ्ठावीसशे मीटरवर पाणी दाबून पाहिलं. दाब चढत गेला, खडक थेंबभरही घेईना. त्या सगळ्या भेगा कधीच्याच गारगोटीने बुजलेल्या. मी भेगा मोजत बसलो. उघड्या किती, ते पाहिलंच नाही. मग तुझ्या एकतीसशे वीसवर पाहिलं. खडकाने पाणी घटाघटा घेतलं. अहवालात मी लिहिलं, 'फेरविश्लेषणातून आढळले.'

आणि ताई, काटा मी बैठकीच्या दिवशीच दुपारी तपासला होता. तो ठीक होता. तुला नोटीस मिळायच्या दोन दिवस आधी मला हे माहीत होतं.

शुक्रवारी हे सगळं साहेबांना लिहून दिलं. "आता कशाला उकरून काढतोस?" म्हणाले.

"ती नोटीस माझी होती, साहेब."

नोटीस रद्द झाली. अहवालात तुझं नाव जाईल. दुसऱ्या विहिरीचं काम माझ्याकडून काढून घेतलं. आईलाही सांगितलं, तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

'परत ये' असं लिहिलं होतं, खोडलं. माफीही मागत नाही. मागितली, तर उत्तर द्यायचं ओझं पुन्हा तुझ्यावरच.

तू मानशील तर तुझाच,
धाकटा