ताईच्या घरचं पाणी

३ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुला बढती मिळाली, कारखान्यांच्या परवानग्या आता तुझ्या सहीने सुटतात, हे वाचून ऊर भरून आला. शेजारणीपाशी इतकी मिरवले की ती बिचारी उठून गेली.

आता माझं रडगाणं ऐक. पलीकडचा रंगाचा कारखाना दुप्पट मोठा होणार म्हणे. आहे तेवढ्यानेच आमच्या विहिरीची वाट लागलीय. लॉन्ड्रीत पांढरी चादर भिजवावी तर पिवळी निघते, गिऱ्हाइकं तोंडावर फेकून जातात. तुझ्या दाजींच्या हातांची सालपटं निघतात. तपासणीवाले येतात, पण आधी कळवून. त्या दिवशी कारखानेवाले मेले घाण सोडतीलच कशाला? विहीर गेली की लॉन्ड्री गेली, आणि आम्हाला दुसरं येतं काय? जनसुनावणीला तूच येणार ना? मग मला कसली धास्ती!

माया आहेच, ती वाढव.
तुझी ताई

१० मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

कळवून जायचं हा नियम आहे गं, मी नाही केलेला. शाश्वत विकास म्हणजे कारखानाही जगला पाहिजे आणि विहीरही, हे भाषण मी गावोगाव ठोकतो, तुझ्याकडेही ठोकेन. सुनावणी तुझ्याच अंगणात ठेवलीय. तू बेधडक बोल. फक्त रडू नकोस, रडायला लागलीस की तुझं एक अक्षर कळत नाही.

दाजींना नमस्कार. लोभ आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा

२९ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तू गेल्यापासून मी सुन्न आहे. उन्हातून येशील म्हणून दाजींनी टेकडीवरच्या नळाचं पाणी खास तुझ्यासाठी आणलं होतं. बाकी मंडळींना विहिरीचंच दिलं, आम्ही रोज पितो तेच, उकळून. तू भर सुनावणीत पेला उंचावलास, घटाघट प्यायलास आणि म्हणालास की हे माझ्या सख्ख्या ताईच्या घरचं पाणी. लोकांनी टाळ्या पिटल्या. मी बोलायला उठले, पण भावाला वेगळं नि शेजाऱ्यांना वेगळं पाजलं हे त्यांच्या तोंडावर कसं सांगू? लाजेने जीभच उचलेना.

तुला काय ठाऊक, म्हणून रागावत नाही. पण सही करण्याआधी खरं काय ते वर कळव. तुझा पांढरा शर्ट इथेच राहिलाय, धुऊन पाठवते.

तुझ्याच भरवशावर,
ताई

६ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

अगं वेडे, मला पहिल्या घोटालाच कळलं. तुझ्या विहिरीचं पाणी गेल्या खेपेला तोंडात धरवलं नव्हतं. मी एवढंच म्हणालो की ताईच्या घरचं पाणी आहे. त्यात खोटं काय? तू गप्प बसलीस, म्हणून तुझी हरकत नाही असं धरलं. सही कालच झाली.

मनाला लावून घेऊ नकोस. दाजींना कारखान्याच्या गेटवर चिकटवतो, बसून काम, हातांनाही आराम. पोरं यंदा सुट्टीत तुझ्याकडे येणार नाहीत. तिकडचं पाणी त्यांना बाधतं, असं बायको म्हणते.

शर्ट तेवढा लवकर पाठव, साहेबांपुढे तोच घालतो. माझ्यावरची माया पातळ करू नकोस.
तुझा धाकटा

१५ एप्रिल

धाकट्या,

शर्ट पाठवलाय. विहिरीच्याच पाण्यात धुतला. पिवळा दिसेल, अंगाला खाजही सुटेल. साहेबांनी विचारलं तर सांग, ताईच्या घरच्या पाण्यात धुतलाय. त्यात खोटं काय?

दाजी सोमवारपासून गेटवर बसतात. कारखान्याची गाडी आली की उठून सलाम ठोकतात. लॉन्ड्रीला कुलूप घातलं. तुझा शर्ट शेवटचा.

ताई