चेंबर नीट तापवलं नाही

सोमवार, ४ मार्च

जिंकले! मीटिंगमध्ये सरांनी माझाच आकडा उचलला. चेंबर एकच, आर्गॉन वायू एकच, तरी माझे इलेक्ट्रॉन ठमीच्या दुपटीनं पळतात. (ठमी म्हणजे माझी नणंद — घरी एका छताखाली, लॅबमध्ये शेजारच्या टेबलावर.) "व्होल्टेज नीट लावलं नसशील गं," मी सगळ्यांसमोर म्हणाले. कानापर्यंत लाल झाली बिचारी. तिच्या नोकरीची मुदतवाढ याच मोजणीवर अडलीय, हे मला काय माहीत नव्हतं? माहीत होतं.

मंगळवार, ५ मार्च

भाजी चिरताना आठवलं आणि सुरी हातातच राहिली. चेंबर स्पिरिटनं पुसलं की दोन दिवस तापवायचं, सगळी वाफ निघून जाईपर्यंत. मी एका रात्रीत उरकलं — मीटिंगची घाई!

शुद्ध आर्गॉनमध्ये इलेक्ट्रॉन नुसते उधळतात, इकडेतिकडे आपटतात, पुढे कमीच सरकतात. स्पिरिटची जराशी वाफ राहिली तरी ती त्यांची मस्ती उतरवते. मग सरळ वाटेला लागतात आणि भराभर पोचतात. नव्याने येणाऱ्यांना हे मीच शिकवते. मीच!

शुक्रवार, ८ मार्च

चेंबर पुन्हा तापवलं. गुपचूप, पण या वेळी नीट. मोजलं. ठमीचा आकडा. अगदी तिचाच.

लाज वाटते. इतकी की आरशासमोर उभं राहून दात घासवत नाहीत. सरांच्या दारापर्यंत गेले, आणि विचारलं काय? तर "पुढच्या प्रयोगाची द्रव आर्गॉनची टाकी कधी येणार?" ते म्हणाले, "लवकरच. तुमच्याच आकड्यावर तर पुढचं सगळं बांधलंय." मी हसले. हसले!

शनिवार, ९ मार्च

जेवताना सासूबाई ठमीला म्हणाल्या, "वहिनीकडून शिक जरा. तिचे ते कोण — इलेक्ट्रॉन — कसे धावतात बघ!" सगळे हसले. ठमीही हसली, मग अर्धं ताट टाकून उठली. मी ताटातला भात नुसता चिवडत बसले. नवरा विचारतो, "मीठ जास्त झालंय का?"

रविवार, १० मार्च

नाही सांगितलं. भित्री कुठली!

सोमवार, ११ मार्च

ठरलं. उद्या आधी ठमीला, मग सरांना. नाक कापलं गेलं तर जाऊ दे.

मंगळवार, १२ मार्च

तोंड उघडणार, तेवढ्यात ठमीच धावत आली. "वहिनी, मुदतवाढ मिळाली! तुझंच बरोबर होतं, माझं व्होल्टेज चुकलं होतं. काल पुन्हा मोजलं — तुझाच आकडा आला बघ!" बोलत होती माझ्याशी, बघत होती खिडकीकडे.

काल. म्हणजे मी शुक्रवारी नीट तापवलेल्या चेंबरमध्ये. त्यात तो आकडा येऊच शकत नाही.

सरांकडे गेले नाही. आता मी खरं बोलले, तर खोटी ती ठरेल.