माझ्या वाट्याचे खापर

मी, या चौकातल्या औषधाच्या दुकानाची मालकीण आणि पाच निवडणुकांची उमेदवार, जिला लहानथोर सगळे ‘ताई’ म्हणतात, वय वर्षे चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. विरोधकांनी वीस वर्षे याच्या उलट प्रचार केला, म्हणून दाखल्याची एक प्रत त्यांच्या कचेरीत पोचती करावी. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. माझ्यावर दडपण आणील असा माणूस अजून इथे राहायला आलेला नाही.

कलम १. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी तिसरी निवडणूक हरल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिले होते आणि त्यात ‘कोणालाही काहीही देऊ नये’ एवढे एकच वाक्य होते.

कलम २. खालचे दुकान, वरच्या दोन खोल्या आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावी. ती दुकान माझ्यापेक्षा चांगले चालवते, हे तिला तोंडावर कधी सांगितले नाही, म्हणून इथे लिहिते. यंदा ती पहिल्यांदाच उमेदवार म्हणून उभी आहे. तिला ताकीद अशी की भाषण लिहून न्यावे आणि लिहिलेलेच वाचावे. आणि गिऱ्हाइकाचे दुखणे काउंटरच्या बाहेर जाता कामा नये.

हे मी अनुभवाने सांगते. दुसऱ्या निवडणुकीत समोर गिरणीवाले उभे होते. ते भर सभेत म्हणाले, “ताई खुर्चीला चिकटून बसल्यात.” माझी जीभ घसरली. मी म्हटले, “तुम्ही काय बसणार खुर्चीवर, महिन्याला दोन ट्यूब मलम माझ्याच दुकानातून नेता!” सगळा चौक पोट धरून हसला. गिरणीवाले मान खाली घालून निघून गेले. दुसऱ्या दिवशी मी खुलासा काढला की वार्ताहराने माझे बोलणे विपर्यस्त छापले. त्या बिचाऱ्याने शब्द न् शब्द बरोबर छापला होता. गिरणीवाल्यांची मी माफी मागितली, पण दुकानात, हळू आवाजात, पुढचे मलम बांधून देताना.

कलम ३. जीप माझ्या ड्रायव्हरला द्यावी. तिचा तिसरा गिअर फक्त त्यालाच दाद देतो. तिसऱ्या निवडणुकीत माझे चिन्ह बदलले होते. माझी छत्री गेली आणि शिडी आली, आणि छत्री नेमकी गिरणीवाल्यांना मिळाली. सवयीने मी वीस मिनिटे घसा फोडून छत्रीला मते मागितली. त्या सभेत त्यांच्याच माणसांनी सगळ्यात जास्त टाळ्या वाजवल्या. नंतर मी सांगितले की ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवत होता, त्याने माझे लक्ष उडाले.

“अहो ताई, गाडी तर गॅरेजमध्ये होती,” तो म्हणाला.

“गप्प बस. खुलासा छापून झालाय.”

तो गप्प बसला आणि आजतागायत माझ्याबरोबर आहे. जीप ही त्याची भरपाई नव्हे. मला तो मनापासून आवडतो म्हणून ती त्याला द्यायची आहे. त्याने गाडीत तोंडाने शिट्टी वाजवू नये, ही अट मात्र माझ्यामागेही लागू राहील.

कलम ४. माझ्या सगळ्या खुलाशांची कात्रणे एका फायलीत आहेत. ती रद्दीत घालू नयेत. परवा मी ती ओळीने वाचली आणि कपाळावर हात मारून घेतला. वीस वर्षांत एकही चूक माझी नाही! माणसाला एकदा दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडायची सवय लागली की हात आपोआप वर जातो. मुलीने ती फाईल दर निवडणुकीला वाचावी.

कलम ५. हे कलम लिहायला मला अकरा वर्षे लागली.

माझ्या पहिल्या निवडणुकीपासून सभेचा माईक आमचे माईकवाले लावत. माझ्याच वयाचे, कमी बोलणारे, तारेला गाठ पडली तर ती तोडण्याऐवजी सोडवत बसणारे गृहस्थ. पहिल्याच सभेत मी कोरड्या नळांची यादी वाचायला लागले. ती माझ्याच पक्षाच्या अध्यक्षांना झोंबली. त्यांनी खूण केली आणि माईकवाल्यांनी माईक बंद केला. मी तरातरा खाली उतरले आणि त्यांना म्हणाले, “यापुढे माझा माईक कोणीही सांगितलं तरी बंद करायचा नाही. अगदी मी सांगितलं तरी नाही.” त्यांनी नुसती मान हलवली. वीस वर्षे तो हुकूम त्यांनी पाळला.

पाचव्या निवडणुकीची शेवटची सभा. मी खुर्चीवर बसले होते, समोर टेबलावर माईक. मागे उभ्या ड्रायव्हरला मी हळूच म्हणाले, “बघ यांची तोंडं! नळ दिले, दिवे दिले, तरी मेलेल्याच्या घरी आल्यासारखी बसलीत. या लोकांची लायकीच नाही.” ते आठही कर्ण्यांतून चौकभर गेले. मी माईकवाल्यांना हाताने खूण केली, बंद करा, बंद करा. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात मी त्यांना काय म्हणाले तेही लोकांनी ऐकले. ते इथे लिहिण्यासारखे नाही.

मी पडले. दुसऱ्या दिवशी त्याच चौकात उभी राहून मी सांगितले की माईकवाल्यांना समोरच्यांनी विकत घेतले होते. लोकांनी मला मत दिले नव्हते, पण हे मात्र खरे मानले. माईकवाल्यांना पुन्हा कोणी सभेला बोलावले नाही. शाळेच्या बक्षीस समारंभालासुद्धा नाही. सामान विकून ते पंखे दुरुस्त करायला लागले. दोन कर्णे आणि एक जुना ॲम्प्लिफायर तेवढा ठेवला. आजही गुडघ्याच्या गोळ्या आणायला ते माझ्या दुकानावरून पुढे, पार टोकाच्या दुकानात जातात. तेही त्या गुडघ्यांनी.

तरी मी जाहीर करते की तो आरोप धादांत खोटा होता. दुकानामागचे गोदाम कुलूपकिल्लीसह माईकवाल्यांना द्यावे आणि हे कलम माझ्यामागे वकिलांनी चार माणसांत वाचून दाखवावे.

इथवरचा कागद एका बैठकीत लिहून झाला होता. मला अगदी हलके वाटले. मी ड्रायव्हरला पाठवून माईकवाल्यांना बोलावून घेतले आणि कलम पाच वाचून दाखवले. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकले.

“लोकांना हे तुम्ही गेल्यावर कळणार?”

“हो, मी गेल्यावर.”

“म्हणजे चौकात बोललात आणि कपाटात खोडताय,” ते म्हणाले. “आणि मी आधी गेलो तर?”

“अहो, पोरीचं मतदान बारा दिवसांवर आलंय. आत्ता बोलले तर तिची मतं जातील!”

“माझी अकरा वर्षं गेली, ताई.” त्यांनी आवाज चढवला नाही. “गोदाम राहू द्या तुमच्याकडेच.” आणि जिना उतरून गेले.

मला भयंकर राग आला. गोदाम द्यायचे आणि वर ऐकून घ्यायचे! संध्याकाळपर्यंत मी दुकानात येईल त्याच्यावर खेकसत होते. मुलीला सांगितले, तर ती म्हणाली, “आई, निकाल लागल्यावर बोल ना. थोडेच तर दिवस आहेत.” तिचे काही चुकले नाही. मीही स्वतःला अकरा वर्षे हेच सांगत आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काउंटरवर उभी होते. माईकवाले समोरून गेले, एक पाय ओढत, आमच्या दुकानाकडे न बघता. त्यांच्याच गोळ्यांचे पाकीट त्या वेळी माझ्या हातात होते, आलेला माल मी लावत होते. हाक न मारता मी ते पाकीट फळीवर ठेवून दिले. मला माझी लाज वाटली. इतकी लाज मला कुठल्याही पराभवाने वाटली नव्हती.

मी मुलीला म्हटले, “शनिवारच्या सभेत मी बोलणार आहे.”

ती बराच वेळ बिलबुक चाळत राहिली. मग म्हणाली, “पाच मिनिटं. आणि लिहून आण.” हिला मी जन्म दिला याचा मला अभिमान आहे.

मग मी स्वतः माईकवाल्यांच्या दारात गेले. विचारले, “शनिवारी माईक लावाल का?” ते म्हणाले, “काय बोलणार आहात?” मी म्हटले, “तिथेच ऐका.”

शनिवारी भर चौकात मी वाचले: “माईकवाले विकले गेले असं मी याच जागी म्हणाले होते. ते खोटं होतं. माईक चालू राहिला, कारण तसा माझाच हुकूम होता. तुम्ही जे ऐकलंत ते मीच बोलले होते, आणि माझ्या मनात तेव्हा तेच होतं. या माणसाचं नाव मी खराब केलं. मला माफ करा असं मी आधी त्यांना म्हणते, मग तुम्हाला.”

टाळी पडली नाही. मागून कोणीतरी ओरडले, “आत्ता आठवलं होय!” दहापंधरा माणसे उठून गेली. माईकवाले यंत्राशी बसून होते. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला आणि परत लावला. सभा संपल्यावर तार गुंडाळत माझ्यापाशी आले. म्हणाले, “त्या कागदाला साक्षीदार लागतात ना? सही कुठं करायची?”

वकिलांनी मध्येच फाटा फोडला की ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार होता येत नाही. मी माईकवाल्यांना म्हटले, “तुम्ही गोदाम घ्या हो, सही कोणीही करील.” ते म्हणाले, “नको ताई. मला साक्षीदारच राहायचंय.”

कलम ६. सबब गोदामाची देणगी रद्द. गोदामही मुलीला. गुडघ्याच्या गोळ्या मात्र माईकवाल्यांनी यापुढे आमच्याकडून न्याव्यात अशी विनंती मी केली आहे. ते “बघू” म्हणाले आहेत.

कलम ७. मतदान व्हायचे आहे. मुलगी निवडून आली तर ते तिचे कर्तृत्व, त्यात कोणी माझे नाव घुसडू नये. ती पडली तर माझ्या शनिवारच्या बोलण्यामुळे पडली. हे मी निकालाआधीच लिहून ठेवते. पोरी, त्या दिवशी तू चिडशील, रडशील, कोणावर ढकलू असं होईल तुला. कोणाला शोधत फिरू नकोस. सरळ माझ्याकडे ये. मी नसले तर हा कागद काढ.

वरील मजकूर वाचून, समजून, राजीखुशीने सही केली.

(सही) ताई

साक्षीदार १: डॉक्टर. ताईंनी माझ्यासमोर सही केली. नाडी ठीक आहे.

साक्षीदार २: माईकवाले. ताईंनी माझ्यासमोर सही केली. शनिवारी चौकात जे बोलल्या तेही माझ्यासमोर बोलल्या. आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचला.

स्थळ: दुकानावरची पुढची खोली
दिनांक: मतदानाच्या चार दिवस आधी, सकाळी