नामाला परत पाठवताना

शहापूर,
१८ ऑक्टोबर १९४३

ती. सौ. रंगूआक्कास,
धाकट्या चंद्रकलेचा नमस्कार.

नामा दुपारी गाडी घेऊन सुखरूप पोचला. बैलांना पेंढा घातला, त्याला भाकरी दिली. तू धाडलेले नवे पोहे मिळाले. इकडे भात कापणीला आले आहे, पण माणसे शेतात कमी आणि दवाखान्याच्या ओट्यावर जास्त. खोलीवरचे फुटके कौल घरमालकिणीने बदलून दिले. बाकी ठीक.

भावजींचा ताप एक दिवसाआड येतो असे लिहिलेस. थंडी भरली की गोधड्या घाल. ताप चढला की त्या काढ आणि ओल्या फडक्याने अंग पुस. घाम सुटला की पेज पाज. उलटी झाली तरी पेज थांबवू नकोस.

नामा मघापासून दोनदा आत डोकावून गेला. "धाकल्या बाय, लिवता किती? बाटली बांधा, मी निघतो." त्याला थांब म्हटले आहे.

जावा बेट जपानकडे गेल्यापासून हिवतापावरचे कोयनेल कसे मिळते, ते तुला मुरबाडात बसून कळलेच आहे. तुमच्या दवाखान्यात ते संपले, आमच्याकडे तळाशी आहे. म्हणून डॉक्टरांनी नियम केला. एका घरातून एकच माणूस, जो राबून घर चालवतो तो. त्याला पूर्ण औषध द्यायचे, तेही कंपाउंडरच्या, म्हणजे माझ्या, समोर प्यायला लावून. बाटली बाहेर गेली की बाजारात विकली जाते, नाहीतर घरात वाटली जाते आणि कोणीच बरे होत नाही. नियम मला पटला. मी तो कडक पाळते, म्हणून ओट्यावर मला 'दगडाची बाय' म्हणतात.

माहुलीच्या पायथ्याच्या पाड्यावरून धोंडीबाई म्हणून एक बाई येते. विधवा आहे. पेला तोंडाला लावायची, रिकामा करून ठेवायची आणि वळून चालू लागायची. काही विचारले तर नुसती मान हलवायची. मला ती घुमी वाटली. ताप मात्र उतरेना. मापात माझीच चूक होते आहे का, म्हणून मी तराजू पुन्हा तपासला.

परवा मी तिच्या मागोमाग बाहेर गेले. कुंपणापलीकडे तिची लहान मुलगी बारकी पडली होती. धोंडीबाई वाकली आणि तोंडातले सगळे औषध तिने मुलीच्या तोंडात सोडले. कोयनेल जिभेवर क्षणभर धरवत नाही, आक्का. ही बाई ते रोज कुंपणापर्यंत धरून नेत होती.

मी रागावले. मोठ्या माणसाचे औषध एवढ्याशा पोरीला बाधते, कान जातात, जीवही जाईल, असे सांगितले. तर म्हणते, "बाय, तू पी म्हनलीस, मी तोंडात घेतला. गिळ म्हनली नवतीस." वर हसली. हसताना तिचे दात थंडीने वाजत होते.

आता प्रत्येकाला पेला संपल्यावर स्वतःचे नाव मोठ्याने सांगायला लावते. धोंडीबाई गिळते.

ती का गिळते, ते लिहायचे मी टाळते आहे.

आम्हा नोकरांना ताप येऊ नये म्हणून थोड्या गोळ्या मिळतात. त्या मी वापरत नाही, साठवते, हे मीच तुला उन्हाळ्यात सांगितले होते. म्हणून तू चिठ्ठीत लिहिलेस, 'सरकारी नको, तुझ्या वाटणीच्या तरी दे.' त्या देण्यावर कुणाचा नियम नाही. पण परवापासून त्या मी बारकीला तिच्या बेताने मधातून देते आहे. उरल्या आहेत त्या तिलाच लागतील. मध्येच तोडल्या तर तिचा ताप उलटेल.

उरलेल्या भावजींना कदाचित पुरल्याही असत्या. पुरल्या नसत्या असे लिहून मला सुटता आले असते.

मला मुंबईला शिकायला पाठवू नये म्हणून सगळे घर अडून बसले, तेव्हा भावजी एकटे माझ्या बाजूने बोलले. "जाऊ दे तिला. घरात एक तरी माणूस नीट मोजून देणारे होईल," असे म्हणाले होते. ते मी विसरलेले नाही. विसरले असते तर हे पत्र केव्हाच संपले असते.

डॉक्टरांना विचारले आहे. भावजींना इथे आणलेस तर तालुका विचारणार नाहीत, तुमच्या घरचा एक म्हणून पूर्ण औषध देतील. त्यांना रांगेत बसावे लागेल. मी पुढे घेणार नाही. नामाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मालक उठून बसत नाय, बाय. गाडीत घालून कसा आनू? आनि तुमी रांग सांगता?" मग तो म्हणाला, "तसाच गेलो तर वयनी मला दारात उभा करनार नाय."

त्याला बोलू नकोस. त्याने पुष्कळ मागितले. नाही मी म्हटले.

गाडीत गादी घालून, सावकाश, जमले तर आण. जमणार नाही हे नामाच्या तोंडावरून मला दिसते आहे, आणि तरीही मी उठून कपाट उघडलेले नाही.

पुढे काय होईल ते मला कळव. मला बहीण म्हणून लिहिणार नसलीस तर नावाने लिही.

भावजींना माझा नमस्कार सांगावास असे तुला वाटले तरच सांग.

तुझ्या माणसाला रिकाम्या हाताने परत धाडणारी,
चंद्रकला