टेरेसचं वॉटरप्रूफिंग : निर्णय रविवारपर्यंत

६ एप्रिल, रविवार
सातला उठलो. चहा, पेपर. दहाला सोसायटीची मीटिंग, साडेअकराला संपली. डबा आला, जेवलो.
मीटिंगचा विषय मीच. सेक्रेटरी जयप्रकाश माझ्या घराच्या बरोबर खाली, ६०२ मध्ये राहतात. त्यांच्या बेडरूमच्या छताला ओल आली आहे. कारण म्हणे टेरेसवरच्या एकतीस कुंड्या. टेरेसच्या लगेच खाली माझा ७०२, आणि माझं छत कोरडं आहे. हे कुणीतरी बोललं, पण पाणी आडमार्गाने उतरतं, हे मीच सगळ्यांना समजावून सांगितलं. एमआयडीसीत चौतीस वर्षं क्वालिटी कंट्रोल पाहिलं आहे.
ठराव : १० मेपर्यंत वॉटरप्रूफिंग करा, नाहीतर कुंड्या हलवा. मी जाहीर केलं की नुसत्या कुंड्या नाही, अख्ख्या टेरेसवर माती टाकून ग्रीन रूफ करणार.
कुंड्या बायकोच्या, सरोजिनीच्या. ती फेब्रुवारीत गेली. त्याचा वॉटरप्रूफिंगशी संबंध नाही. नोंद पूर्ण असावी म्हणून लिहिलं.
पद्धत रविवारपर्यंत ठरेल.

९ एप्रिल
कृष्णात आला. विटांचा कोबा घालतो. मूळचा साताऱ्याकडचा, राहतो घणसोली गावात. टेरेसवर पाय आपटत फिरला. म्हणाला, काका, विटांचा कोबा घाला आन् वर हत्ती नाचवा, टिपूस खाली यायचा न्हाई. मी विचारलं, हत्तीचं राहू दे, मोगऱ्याच्या मुळांचं काय? तर म्हणे, मोगरा काय पहार घिऊन हिंडतोय व्हय?
उत्तर असमाधानकारक.
जाताना माझ्या बाथरूममध्ये हातपाय धुतले. म्हणाला, काका, हितली फरशी पोकळ वाजतीया. विषय टेरेसचा आहे, हे त्याला सांगावं लागलं.

१३ एप्रिल, रविवार
निर्णय झाला नाही. कारण योग्य आहे. डांबरी मेम्ब्रेनवाला आणि लिक्विड कोटिंगवाला, दोघे येऊन गेले. मेम्ब्रेनची चादर मुळांना अडवते, पण सांध्यात उघडू शकते. कोटिंगला सांधाच नाही, पण खुरप्याने ओरखडतं. शंभर गुणांचा तक्ता केला. कोबा ८४, मेम्ब्रेन ८४, कोटिंग ८४.
तक्ता बरोबर आहे. पद्धती चुकीच्या असाव्यात.

१५ एप्रिल
महत्त्वाचं पाऊल. ओल कुठून येते ते नक्की कळायचं तर टेरेस पूर्ण कोरडं हवं. कुंड्यांना पाणी बंद. तसा बोर्ड लावला : 'चाचणी सुरू. पाणी घालू नये.' फेब्रुवारीपासून जयप्रकाशांची बायको उज्वला पाणी घालत होती म्हणे. मला कल्पना नव्हती. घातलं जात होतं, एवढंच माहीत होतं.

१९ एप्रिल
उज्वला दारात. अहो काका, एप्रिल आहे, माणसं सुकतायत, ती तर झाडं. निदान मोगरा तरी मला द्या, मी खाली गॅलरीत ठेवते. नाही म्हटलं. चाचणी चालू असताना वस्तू हलवत नाहीत. ती म्हणाली, वस्तू? आणि निघून गेली.
बाई चांगली आहे, पण शिस्त नाही.

२० एप्रिल, रविवार
निर्णय पुढच्या रविवारी. हॉलमध्ये तीन घमेल्यांची चाचणी लावली. एकात कोबा, एकात मेम्ब्रेन, एकात कोटिंग. वर पाणी, खाली वर्तमानपत्र. टीव्ही दिसत नाही, तरी चालेल.

२४ एप्रिल
क्षिप्राचा पुण्याहून फोन. बाबा, आईची झाडं कशी आहेत? सांगितलं, काम प्रगतिपथावर आहे. ती म्हणाली, मी झाडांचं विचारतेय. मी म्हटलं, मी त्याचंच सांगतोय. जेवता ना, म्हणाली. हो म्हटलं.
घमेली : तिन्हींखालचा पेपर कोरडा.

२७ एप्रिल, रविवार
चार कुंड्यांची माती ओली सापडली. उज्वला! लेखी नोटीस दिली : चाचणीत ढवळाढवळ. जयप्रकाश वर आले. म्हणाले, साहेब, सेक्रेटरी मी, नोटिसा तुम्ही काढता, त्याही माझ्याच बायकोला? मग हळूच म्हणाले, तिला दोन दिवस जेवण जात नाहीये, जरा बघा. टेरेसच्या दाराला कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे.
निर्णय या गडबडीत राहिला.

४ मे, रविवार
टेरेस आठवडाभर ठणठणीत कोरडं. तरी ६०२ ची ओल वाढली, पंख्यापर्यंत आली. निष्कर्ष : जुना साठा उतरतो आहे. उतरू द्यावा.
घमेली : अजून कोरडी. तिन्ही पद्धती सारख्याच उत्कृष्ट. त्यामुळे निवड अधिक अवघड.

८ मे
जयप्रकाशांनी मला न विचारता प्लंबर आणला, श्यामसुंदर. तो टेरेसवर गेलाच नाही. सरळ माझ्या बाथरूममध्ये शिरला, फरशीतला नहाणी ट्रॅप उघडला, हात घातला आणि म्हणाला, हे घ्या. पाइपाचा सांधा निखळलेला. वीस मिनिटांत सापडला. माझ्या रोजच्या आंघोळीचं पाणी खाली जात होतं.
पाणी आडमार्गाने उतरतं, हे मी म्हटलंच होतं. फरशी खोदून ठेवली आहे.

१० मे
सकाळी जयप्रकाश ठराव मागे घेतल्याचं पत्र घेऊन आले. टेरेसला काही झालेलं नाही, वॉटरप्रूफिंगची गरज नाही, कुंड्या राहू द्याव्यात. मी म्हटलं, म्हणजे जिंकलो. ते म्हणाले, साहेब, वर जाऊन आलात का? पत्र टेबलावर ठेवून गेले.
गेलो. कुलूप उघडलं. मोगऱ्याची फांदी हातात घेतली, तुटली. कढीपत्त्याला एक पान नाही. एकतीस मोजल्या. परत मोजल्या.
टेरेसवर नळ नाही. आज कळलं. बाथरूम खोदलेलं, म्हणून स्वयंपाकघरातून बादली भरून जिन्याने नेली. माती इतकी आकसली होती की ओतलेलं पाणी कडेकडेने तसंच खालून बाहेर आलं. तरी सगळ्यांना घातलं. एकतीस कुंड्यांना अकरा बादल्या लागतात. मधे दोनदा पायरीवर बसलो. सरोजिनी रोज हे करायची.
मग टेरेसभर साचलेलं पाणी वायपरने निचऱ्याच्या जाळीकडे लोटलं.