सुजलेल्या हाताचा तपास

७ मार्च, मंगळवार. सकाळी साडेसहा
आज स्कॅन. लघवीत दोनदा रक्त दिसलं, म्हणून डॉक्टरांना माझी मूत्रपिंडं बघायची आहेत. मला काहीही झालेलं नाही. कुमासीच्या हॉस्पिटलात नवीन मशीन आलंय, त्याला गिऱ्हाईक हवं, एवढंच. तीस वर्षं घानाच्या कस्टम्समध्ये, सीमेवर ट्रक तपासण्यात गेली. लबाड माणूस मला चालण्यावरून कळतो. डोळे उघडे ठेवायचे.

त्याच दिवशी, दुपारी चार. (डाव्या हाताने)
संशय खरा ठरला!
मशीनवरची मुलगी, जिफा, पहिल्या वाक्यापासून गोड. म्हणे, डॅडी, औषध शिरेत गेलं की अंगभर गरम वाटेल, घाबरू नका; पण नुसता हातच जळायला लागला तर लगेच ओरडा. इतकं गोड बोलणाऱ्या ड्रायव्हरांच्या कांद्याच्या पोत्यांखाली काय असायचं, मला ठाऊक आहे.
औषध जुनं असणार. बाटलीवरची तारीख वाचायला सुईचा हात किंचित वळवला. मग तो जळायला लागला. जखमेवर मिरची चोळावी तसा. मी ओरडलो नाही. मुद्दाम. यांच्या आपणहून कधी लक्षात येतं, ते बघायचं होतं. तिने काचेमागच्या खोलीतून विचारलं, हात ठीक आहे ना? म्हटलं, फर्स्ट क्लास.
तीच धावत आली. औषध शिरेबाहेर जाऊन कातडीखाली साठलं होतं. कोपरापाशी केंकीच्या, मक्याच्या उकडलेल्या गोळ्याएवढा फुगा. स्कॅन रद्द. बर्फ. दोन तास बसवून ठेवलं. डॉक्टर म्हणाले, हात उंच ठेवा, आठवड्यात उतरेल. बोटं बधिर झाली किंवा फोड आले तर ताबडतोब या. म्हणजे फोड येणार, हे यांना आधीच माहीत आहे.

८ मार्च
फोड नाहीत. संशयास्पद.
तक्रार करणार. तीन प्रतींत. अफ्रिये म्हणाली, अहो, तुम्ही हात हलवला होता का? बायकोला हा प्रश्न कोणी शिकवला?

९ मार्च
डाव्या हाताने तक्रार लिहिली. अर्धी मलाच वाचता येईना. अफ्रियेला लिहून दे म्हटलं. नाही म्हणाली. ती आणि जिफा, दोघी मिळालेल्या आहेत. नातवाकडून टाइप करून घेतली. ‘हात हलवला’ हे त्यात नाही. किंचित हलवण्याला हलवणं म्हणत नाहीत.

१२ मार्च, रविवार
सूज निम्मी. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून चर्चमध्येही हात वर धरून बसलो. एल्डर बाफोंनी विचारलं, संडास बांधणी समितीचा प्रमुख कोण होणार? सगळे टाळ्या वाजवायला लागले. हात खाली घेतला, पण उशीर झाला होता. बाफोंचाही हॉस्पिटलशी संबंध आहे का, ते बघायला हवं.

१४ मार्च
हॉस्पिटलचं पत्र. गुरुवारी चौकशी. तोवर जिफाला घरी बसवलंय. ती अजून कायम झालेली नाही, असंही कळलं. बरं झालं. बरंच झालं.
अफ्रियेने संध्याकाळी फुफूसाठी कंद कांडले. मुसळाचा आवाज जरा जास्त.

१५ मार्च
उद्याचे मुद्दे तयार. सूज जवळजवळ गेली. पुरावा नाहीसा होतोय, म्हणून कोपर थोडं दाबून पाहिलं. अफ्रियेने बघितलं. म्हणाली, लाज वाटत नाही? म्हटलं, तपासतोय.

१६ मार्च, गुरुवार
चौकशी अकराला. बाजूला जिफा. गोड काही बोलली नाही. नुसती बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून. असे बसलेले लोक मी पाहिलेत. त्यांच्या ट्रकमध्ये काही सापडायचं नाही.
साहेबांनी विचारलं, मिस्टर अडोमाको, सुई असताना हात हलवला होता?
मी खोकलो. पाणी मागितलं. मग म्हणालो, हो.
जळतंय हे सांगितलं होतं?
नाही.
का नाही?
मी मुद्द्यांचा कागद उघडला. माझे मुद्दे कोणी मागितले नाहीत. चार मिनिटांत संपलं.
बाहेर जिफाने माझं कोपर दाबून पाहिलं. छान उतरलंय म्हणाली. मी विचारलं, परत स्कॅन करायचाय, तू असशील का? ती म्हणाली, असेन. पण डॅडी, घरून ओरडायची प्रॅक्टिस करून या.

२० मार्च
प्रॅक्टिस केली. शेजारी धावत आले.

२१ मार्च
आज सुई डाव्या हाताला. दगडासारखा पडून राहिलो. गरम वाटताच जिवाच्या आकांताने ओरडलो. जिफा धावत आली. औषध अजून सुरूच झालं नव्हतं. दुसऱ्या खेपेला तिने माझी बोटं धरून ठेवली, सुरू होईपर्यंत. बोटं सुटली तेव्हा बरं वाटलं नाही.
मूत्रपिंडात खडा आहे, चार मिलिमीटरचा. दुसरं काही नाही. हे ऐकून अफ्रिये बाकावर बसली आणि रडायला लागली. दोन आठवडे तिला काय वाटत होतं, ते मी विचारलंच नव्हतं.
डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी प्या. गेटवर अफ्रियेने पाण्याची पिशवी घेतली, कोपरा दाताने फाडला आणि माझ्या हातात दिली. मुकाट्याने प्यालो.